सव्वीस जण

“आपला पायलट अभ्यास जोरात झाला, सुनिताताई!” असं म्हणत डॉक्टर जितेंद्रांनी तिच्या हातावर पेढा ठेवला.

सुनिताने तो तसाच टेबलावर ठेवून दिला. बाहेर शाळेच्या ओट्यावर चाळीसेक माणसं सकाळपासून उपाशीपोटी बसली होती, तपासणीसाठी रक्त द्यायला. निरोप सरपंचांनी फिरवला होता. गावची आशा सेविका असली तरी सुनिता स्वतः कालच, घरच्या माणसाच्या उशाशी बसून, धुळ्याच्या दवाखान्यातून परतली होती. तिथल्या सर्जनचं एक वाक्य तिच्या डोक्यातून जात नव्हतं. “ही साखर आजची नाही. दोन-तीन वर्षांची आहे. कधी तपासलंच नाही का?”

तपासलं होतं. दोन वर्षांपूर्वी, याच खोलीत, याच डॉक्टरांनी.

डॉक्टरांनी लॅपटॉप तिच्याकडे फिरवला. “हे बघा. दीडशेपैकी सव्वीस जणांना मधुमेह, आणि त्यातला एकही लठ्ठ नाही! कुणाचा विश्वास बसत नव्हता. अंगावर मांस नसलेल्या माणसाला साखर का होते, हाच तर आपला प्रश्न. एक वर्षाच्या चिमूटभर निधीत आपण एवढं दाखवलं, म्हणून आता पाच वर्षांचं मोठं अनुदान मिळालं.”

“ते सव्वीस कोण?”

“नावं नसतात, ताई. क्रमांक असतात.”

“सत्तेचाळीस नंबर बघा.” कुणाचा कुठला नंबर, हे सगळं तिच्या वहीत होतं.

डॉक्टर थोडे घुटमळले. मग त्यांनी बोटाने यादी सरकवली. “साखर दोनशे अडतीस. उपाशीपोटी. कोण आहे हा?”

“माझा दीर. मगन. चौतीस वर्षांचा. बारा दिवसांपूर्वी गुडघ्याखालून पाय कापला त्याचा.”

डॉक्टरांनी लॅपटॉप मिटला.

“दोन वर्षं हे तुमच्या पेटीत पडून होतं!” सुनिताचा आवाज एवढा चढला की बाहेरची कुजबुज थांबली. “एक फोन नाही करता आला? तो रोज अनवाणी रानात जायचा. पायाला काटा रुतला, जखम चिघळली, आम्ही हळद लावत बसलो. आणि तुम्ही इकडे आकडे मांडत होता?”

“पायलटच्या निधीत निकाल कळवायची सोय नव्हती, ताई. आणि...” त्यांनी खाली बघितलं. “लोकांनीच नको म्हटलं होतं.”

“कोण म्हणालं नको?”

“सगळेच.”

“खोटं बोलता!”

डॉक्टरांनी बॅगेतून फाईल काढली आणि सत्तेचाळीसचा फॉर्म तिच्यापुढे सरकवला. ‘तपासणीचा निकाल मला कळवावा’ या ओळीपुढे दोन चौकोन होते, हो आणि नको. टिक ‘नको’वर होती. खाली मगनची वाकडीतिकडी सही. त्याखाली, ‘वरील मजकूर वाचून दाखवला’ असं छापलेलं, आणि सुनिताची सही.

टिकही तिचीच होती. शेपूट खाली वळवलेली. लसीकरणाच्या तक्त्यावर ती रोज तशीच टिक करायची.

तिला आठवलं. डॉक्टरांच्या संशोधन संस्थेतल्या पोरीने एक भरलेला फॉर्म तिच्यापुढे ठेवला होता. “ताई, हा नमुना. बाकीचे असेच भरा, पटकन होतील.” दीडशे फॉर्म तिने दोन संध्याकाळी घरी बसून भरले होते. नमुन्यात जिथे टिक, तिथे टिक. मग गावभर फिरून सह्या-अंगठे घेतले. वाचून दाखवलं नव्हतं कुणालाच. तिने स्वतःही वाचलं नव्हतं.

“नमुना आमचाच होता,” डॉक्टर हळूच म्हणाले. “चूक आमचीच. पण हे बाहेर सांगायची गरज नाही. या वेळच्या फॉर्मवर आपण ‘हो’ करू. तुमच्या नावाला बट्टा लागायला नको.”

“आधी ते सव्वीसही नंबर द्या. तोवर एक थेंब रक्त मिळणार नाही.”

डॉक्टरांनी संस्थेत फोन लावला. नियम निघाले, वरिष्ठ निघाले, परवानगी निघाली. सुनिता दारात उभी राहिली ती हललीच नाही. तासाभराने परवानगी आली आणि डॉक्टरांनी सव्वीस नंबर सांगितले. तिने त्यांची नावं एक एक करून वहीत उतरवली आणि वही काखेत मारून, फॉर्म मुठीत घेऊन बाहेर आली.

आतलं भांडण अर्धंमुर्धं सगळ्यांनी ऐकलं होतं. रक्त द्यायला आलेला छगन दगड घेऊन उभाच होता. “अक्कानी यादी काढी ली त्यासनाकडथून! फोडा रे ती गाडी!”

माणसं उठली. तिची सासू भिकुबाई कपाळ बडवत होती. “मना मगनना पाय खाई टाका रे या लोकेसनी!”

सगळे सुनिताच्या बाजूचे होते. डॉक्टर तिच्यामागे, दाराच्या आत. तिने नुसतं गप्प राहायचं होतं.

“गाडीले हात लावू नका,” ती ओरडली आणि तिने फॉर्म वर धरला. “निकाल नको म्हनीसन आठे टिक शे. मगननी बी, तुमनी बी, बठ्ठासनी. ती टिक मी करेल शे. न वाचता.”

सगळ्यांच्या फॉर्मवरची टिक तिनेच केली होती, हे कळताच छगनचा हात खाली आला.

भिकुबाई ओटा चढून वर आली. सुनिताने डोळे मिटले. आता सासूची चपराक बसणार, बसायलाच हवी, असं तिला वाटलं. चपराक बसली नाही. म्हातारीने तिच्या काखेतली वही ओढून काढली, नुकत्याच उतरवलेल्या नावांचं पान उघडलं आणि तिच्या तोंडासमोर धरलं.

“वाच,” भिकुबाई म्हणाली. “आते बठ्ठं वाच.”