सात तळ्यांच्या देशातला पाहुणा

"नव्या साइटसाठी हे मीडियाविकी आपल्याला झेपायचं नाही," श्रीहरी लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाला. "हत्ती आहे तो. आपल्याला बकरी पुरे."

उत्तरा समोर बसून पावटे सोलत होती. "मग बकरीचं नाव काय?"

"डोकुविकी. फुकट आहे, साध्या मजकुराच्या फायली ठेवतं, मागे डेटाबेसचं लोढणं नाही."

"आणि ते तिसरं? टिडली का फिडली?"

"टिडलीविकी. ते तर फारच गोड. अख्खा देश एका फायलीत मावतो. पण बाहेरच्या माणसाला त्यात येऊन लिहिणं जमायचं नाही गं."

बाहेरचा माणूस म्हणजे त्यांचाच मुलगा, श्रीनिधी. चार वर्षांपूर्वी केशवापूरच्या याच घरातून तो बॅग उचलून गेला होता.

कॉलेजात असल्यापासून पोराने एक देश रचायला घेतला होता. सात तळी, तळ्यांवरचा एक म्हातारा नावाडी, तिथले सण, तिथल्या शिव्यासुद्धा. आई पोळ्या लाटत असली की तिच्या कानाशी याची टकळी सुरू. ती बापडी नुसती हूं हूं करायची. एकदा श्रीहरी वैतागून म्हणाला, "नसलेल्या गावाचे नकाशे काढून पोट भरतं का रे?" दुसऱ्या दिवशी पोरगा घरात नव्हता. पोलीस झाले, पाहुणेरावळे झाले, बेंगळुरू पालथं घालून झालं. ना फोन, ना निरोप.

श्रीहरी तारिहाळच्या एका कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंग काढायचा. मुलाने मागे टाकलेल्या कागदांवरून त्याने तो देश एका फुकटच्या साइटवर चढवायला घेतला. कोणालाही वाचता यावा, कोणालाही दुरुस्त करता यावा, असा. आपल्या देशाबद्दल काही चुकीचं दिसलं की पोराला राहवायचं नाही, हे बापाला पक्कं ठाऊक होतं.

आणि काय सांगावं! श्रीहरीने नावाड्याचा डावा डोळा अधू आहे असं लिहिलं होतं. एके दिवशी कामावरून येऊन बघतो तर 'डावा'च्या जागी 'उजवा'. खाली नाव फक्त 'पाहुणा', नाव न देता लिहिणाऱ्या कोणालाही साइट देते तेच. कागद पुन्हापुन्हा चाळले, त्यात कुठला डोळा ते लिहिलंच नव्हतं. त्या दिवशी श्रीहरी ढसाढसा रडला.

मग पाहुणा अधूनमधून येत राहिला. कधी सणाची तिथी दुरुस्त करी, कधी एखाद्या तळ्याचं नाव. श्रीहरीला तो कुठून लिहितो ते शोधून काढायचं होतं. तेव्हा उत्तरानेच मोडता घातला.

"बेड, अहो," ती कानडीत 'नको' म्हणाली. "नका असं करू. चोरासारखं धरताय की काय लेकराला? लिहितोय, एवढं पुरे."

त्यालाही पटलं. पोरगा जिवंत आहे, हे काय थोडं झालं!

गेल्या श्रावणात उत्तराचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. जखम चिघळली, महिनाभर दवाखाना लागला. नेमका तेव्हाच पाहुणाही गप्प झाला. घरी आल्यावर तिला अन्न जाईना. औषध पुढे केलं की भिंतीकडे तोंड फिरवायची. साइट उघडून दाखवली तर तिकडे बघायचीसुद्धा नाही. हिने आता हाय खाल्ली, असं श्रीहरीला वाटायला लागलं.

शेवटी एका दुपारी कारखान्यातल्या कंप्युटरवरून, पाहुणा होऊन, नावाड्याच्या पानावर त्याने स्वतःच दोन ओळी लिहिल्या. 'नावाडी हरवलेला नाही, लांबच्या तळ्यावर गेलाय. परत येणार आहे.'

उत्तराने त्या वाचल्या आणि उठून बसली. रात्री तूप-मेतकूट घालून भात जेवली. आठवड्याने श्रीनिधीच्या खोलीतली गादी उन्हात टाकली. खोट्याची टोचणी श्रीहरीला होती, नाही असं नाही. पण पोरगा आहेच की तिकडे, आज ना उद्या पुन्हा लिहील, असं तो मनाला समजावायचा.

आता ती साइट बंद होणार होती. आजवरचं सगळं लिखाण एका फायलीत उतरवून मिळत होतं. कुठली ओळ कुठल्या ठिकाणच्या इंटरनेटवरून आली, तेही त्या फायलीत होतं. ती मीडियाविकीत घातली की सगळं उघडं पडणार. डोकुविकीत नुसता मजकूर नेता येत होता, मागचा इतिहास सोडून.

"मला हत्तीच हवा," उत्तरा म्हणाली.

श्रीहरीचा हात थांबला. "कशाला गं?"

"पत्ता कळेल ना. कुठून लिहितो ते."

"तूच म्हणायचीस की, चोरासारखं धरू नका म्हणून."

"तेव्हाचं वेगळं होतं."

"काय वेगळं? मुलगा तोच, आपण तेच. पाळत ठेवली कळलं तर बिथरेल तो. लिहितोय तेही बंद करेल."

"नाही करायचा. माझं ऐका तरी."

"बेड म्हटलं ना, उत्तरा!" त्याचा आवाज चढला.

तिने पावट्यांची परात बाजूला सारली. पदराला हात पुसत त्याच्या खुर्चीजवळ आली. तिचे डोळे भरले होते, पण इतक्या आनंदात तिला त्याने चार वर्षांत पाहिलं नव्हतं.

"रागावू नका हं," ती म्हणाली. "तो डोळा, ते सण, तळ्यांची नावं, सगळं मीच लिहीत होते. तुम्ही कामावर गेलात की मोबाइलवरून. तुमची दशा बघवत नव्हती हो मला." तिने लॅपटॉपवर नावाड्याचं पान उघडलं आणि त्या दोन ओळींवर बोट ठेवलं. "पण हे नावाड्याचं, देवाशपथ, मी नाही लिहिलं. हा खरा आपला श्रीनिधी!"