बिनखताचे दोन प्लॉट

हवेतला नत्र पिकाला मिळवून देणारे जिवाणू देशाची शेती वाचवणार, याबद्दल चंदनबालाला शंका नव्हती. फक्त तिच्या सासऱ्यांना कुणी तसं कळवलं नव्हतं. पीएचडीसाठी तिनं त्यांच्याच इस्लामपूरच्या रानात उसाचे दोन प्लॉट बिनखताचे राखले होते. एकात जिवाणू होते, दुसऱ्यात नव्हते. शेवटच्या मोजणीला ती आली तर बांधावर युरियाची रिकामी पोती. मूठभर माती तिनं नाकाशी नेली आणि बसस्टँडच्या मुतारीचा वास आला. “जिवाणू उपाशी व्हतं गं तुझं,” सासरे म्हणाले. “मामा, आयतं मिळालं की ते पेशीची दारं लावून झोपतात. हवेतला नत्र कमवतच नाहीत.” “मंजी आमच्या अतिशयवानी.” अतिशय म्हणजे तिचा नवरा. “आणि दुसरा प्लॉट?” “दुजाभाव नको म्हून तिथंबी टाकला.” दोन्हीकडचा ऊस सारखाच हिरवागार होता.