भल्या माणसालाच सांगावं

“ताई, या आठवड्यात काही स्वप्न पडलं का?” फोन लागताच असनालीने विचारलं.

“आधी जेवलास का ते तरी विचारू दे,” कुनिकेय गावाकडून हसली. “पडलं. रिकाम्या खोगिराचा पांढरा घोडा दाराशी येऊन थांबला.”

असनालीचं पेन धावू लागलं. स्वप्न पहिल्यांदा भल्या माणसालाच सांगावं, तो जसा अर्थ लावतो तसंच घडतं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. कुनिकेयच्या लेखी भला माणूस एकच, तिचा धाकटा भाऊ. तो “शुभच होईल” म्हणून मोकळा व्हायचा आणि स्वप्न कादंबरीत घालायचा. अशा सहा कादंबऱ्या झाल्या. ‘आजच्या कझाक कथेतलं स्वप्नांचं स्थान’ यावर अल्माटीत चर्चासत्र झालं, की व्यासपीठावर असनाली ठरलेला. “ही पूर्वजांची कुजबुज,” तो घसा साफ करून सांगायचा. “मी नुसता लेखनिक.” ताईचं नाव घ्यायचं तेवढं राहून जायचं.

“पुढे?”

“घोड्याने मान वळवली... थांब, दूध उतू जातंय.” बराच वेळ गेला. “हां. मान वळवली, तर त्याला आपल्या बाबांचे डोळे!”

“वा!”

“चालेल ना रे हे?”

“चालेल काय, ताई? स्वप्न आहे ते, बाजारातलं टरबूज नव्हे.”

“बरं बाबा. येतोस कधी?”

“पुस्तक संपू दे. मग येतोच.”

पुस्तक संपायच्या आधी ताई संपली. दफनाला तो पोचू शकला नाही. चाळिसाव्या दिवसाच्या विधीला आला.

शेजारीण सापुरा दिवंगतांच्या नावाने शेलपेकच्या सात पोळ्या तळत होती. “आलास एकदाचा! तुझी पुस्तकं वेळेवर यायची, तूच तेवढा उशिरा.”

तिने पीठभरल्या हाताने एक वही पुढे केली. “तिच्या उशीखाली होती. तुझीच असेल. दर शुक्रवारी तुझा फोन यायच्या आधी दार लावून बसायची हिच्यात डोकं घालून.”

त्याने वही उघडली. घोडा आधी काळा होता. तो खोडून तांबडा, मग पांढरा. डोळे आधी आईचे होते. ते खोडून बाबांचे. खाली बारीक अक्षरात: ‘असनालीला आवडेल.’

शेवटच्या पानावर एकच स्वप्न होतं. ‘भाऊ न कळवता दारात येतो. चहा पितो. स्वप्नाचं विचारतच नाही.’

त्यावर आडवी रेघ मारलेली होती आणि बाजूला लिहिलं होतं: ‘नको. खोटं वाटेल.’