कोरडी डिश

उपग्रह केंद्रात पावसाने सिग्नल तुटला, की ऑपरेटरने टेकडीपलीकडची कोरडी डिश जोडायची, हा नेहमीचाच शिरस्ता. पण आज आवारात लख्ख ऊन होतं, अन् पाऊस नेमका डिशवरच कोसळत होता.

"दादा, धुक्यात काही दिसेना. तुझ्या नकाशात बघ, खडक कुठल्या बाजूला आहे?" जहाजावरून ऑपरेटरच्या धाकट्या भावाचा आवाज तुटत तुटत आला.

त्याने दुसरी डिश जोडली. इकडचा पाऊस थांबला. लगेच पलीकडच्या पहारेकऱ्याचा फोन आला, "साहेब, इथे नुसत्या डिशवर पाऊस पडतोय!"

मेला पाऊस हात धुऊनच मागे लागला होता.

मग एकाएकी दोन्हीकडचा थांबला. "दादा, आता स्पष्ट ऐकू येतंय. बोल लवकर!"

त्याच्या जिवात जीव आला. बंद खोलीत, माइकसमोर त्याने तोंड उघडलं.

जिभेवर गार थेंब पडला. मग धारच लागली.