देवघेवीची खिडकी

शेजाऱ्यांच्या वस्तू उसन्या देणाऱ्या-घेणाऱ्या कॉलनीच्या स्वयंचलित खिडकीने सुतारकाकूंचा डबा तिसऱ्यांदा बाहेर ढकलला. "नेला तसा नाही. वजन जास्त आहे," ती शांतपणे म्हणाली.

"अगं, शेजारणीचा डबा रिकामा कसा परत करू? चारच अनारसे आहेत," काकू खिडकीलाच समजावत होत्या.

मागे उभ्या हेमांगीला हसू आवरेना. खिडकीचा प्रोग्राम तिचाच होता. शिडी असो, पुस्तक असो की कुणाचे मोकळे तास, सगळ्यांना एकच नियम: नेलं तसं परत. डब्यासाठी वेगळा नियम केला, तर उद्या वाटीही आपला वेगळा नियम मागणार. म्हणून तिने मूळ नियमातच एक ओळ घातली: जास्त परत आलं, तर मुळात ज्याने दिलं त्याला विचारून घ्यावं.

शेजारणीचा होकार आला आणि डबा आत गेला. मग कुणाची शिडी नवी पायरी लावून आली, कुणाची सायकल तेलपाणी होऊन.

एका संध्याकाळी हेमांगीची आई घरी परतली. बाबा गेल्यापासून ती गप्पच असायची. हेमांगीनेच आग्रहाने आपल्या फोनवरून तिचे दोन तास खिडकीवर नोंदवले होते आणि समोरच्या इमारतीतल्या मुलींनी ते विणकाम शिकायला नेले होते. चपला काढताना आई काहीतरी गुणगुणत होती.

हेमांगीच्या फोनवर खिडकीचा निरोप आला: "दोन तास परत. सोबत एक गाणं जास्त आहे, असं मुलींनी लिहिलं आहे. घ्यायचं का?"

हेमांगीने आधी आईचं गाणं संपू दिलं. मग 'हो' दाबलं.