हॉप्सची मुळी

पिकांच्या रोगांची तज्ज्ञ कुंदा १९८४च्या वसंतात अमेरिकेतल्या याकिमाजवळच्या ट्रॅपिस्ट ख्रिस्ती मठात पुन्हा आली. मठातले साधू स्वतःच्या शेतातल्या सातूची बिअर बनवत. तिला कडसर चव देणारे हॉप्सचे वेल त्यांच्यातल्याच वृद्ध ब्रदर आन्सेल्मनी तरुणपणी बेल्जियमहून आणलेले. गेल्या वर्षी त्यांवर बुरशी पडली आणि कुंदाने सगळे वेल जाळायला लावले. ब्रदरांनी गयावया केली म्हणून एकच मुळी ठेवू दिली. तिलाच हातभर कोंब फुटला होता. “डॉक्टर, मला आता दिसत नाही. निरोगी आहे ना?” ब्रदरांनी विचारलं. कुंदाने पान उलटलं. खाली काळी बुरशी. ‘हो’ म्हणणं सोपं होतं. पण कुंपणापलीकडे शेजाऱ्यांचेही हॉप्सचे मळे होते. “नाही, ब्रदर.” त्यावर ते म्हणाले, “मग उपटा.” तिने खणून कोंबासकट मुळी उपटली. गुडघ्यांवर बसून ब्रदरांनी खड्डा चाचपला आणि तुटून मातीत राहिलेला, पुन्हा फुटू शकला असता असा मुळीचा तुकडा तिच्या हातात ठेवला.