पडद्यावरच्या चपला

मॅनेजमेंट कॉलेजच्या वर्गात उषाबाई चहाचे कप ठेवत होती. सामाजिक जबाबदारीचा तास होता. सरांनी पडद्यावर फोटो दाखवला. बमरोली भागातल्या एका कापड रंगवणाऱ्या डाईंग मिलची सांडपाण्याची टाकी आणि काठावर कामगारांनी काढून ठेवलेल्या चपला. “टाकी साफ करायला उतरलेले पाच जण गॅसनं गुदमरून गेले. मालकाचं काय चुकलं?” पोरं भराभर उत्तरं देऊ लागली. उषाबाईचा हात थांबला. कडेच्या चपलेचा तुटलेला अंगठा तिनंच अपघाताच्या सकाळी हिरव्या दोऱ्यानं शिवून दिला होता. “साहेब, सहा गेले,” ती म्हणाली. सरांनी कागद पाहिला. “मिलच्या रजिस्टरात पाचच नावं आहेत, बाई.” “आमच्या पोरीचे बाप रोजावर होते. त्यांचं नाव कुणी लिहिलंच नव्हतं.” तिनं पडद्यावरच्या हिरव्या दोऱ्याकडे बोट दाखवलं. “नाव राहू द्या. चपला तरी मोजा, साहेब.”